बिनवशिंडाचे बैल

श्रावण अर्धा सरला की देवळीच्या बाजारात दुकानांपुढे लाकडी नंदी मांडले जातात. बोटाएवढ्यापासून गुडघ्याएवढ्यापर्यंत, चाकांच्या पाटावर उभे, शिंगांना बेगड, पाठीवर रंगवलेली झूल. ताज्या ऑइलपेंटचा वास थेट बसथांब्यापर्यंत येतो. शाळा सुटल्यावर वर्ध्याची बस यायला अर्धा तास असतो. तेवढ्या वेळात मी दुकानात शिरते, नंदींकडे पाहतही नाही, कोपऱ्यातली जुन्या, न खपलेल्या प्लास्टिकच्या खेळण्यांची टोपली ओढते आणि एकेक खेळणं उलटं करून त्याचं पोट बघते. दुकानदाराला आता याची सवय झाली आहे. परवा तो एका गिऱ्हाइकाला समजावून सांगत होता, "म्याडम शाळेत गणित शिकवते. पण पोटं पाहाचा नाद आहे त्यायले."

नाद आहे, नाकारत नाही. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या घरात दोन लोखंडी कपाटं भरून खेळणी आहेत आणि त्यांतलं एकही कुणाच्या डोळ्यांत भरावं असं नाही. नामांकित कंपन्यांच्या मोटारी आणि डोळे मिटणाऱ्या बाहुल्या जमवणारे लोक वेगळे. माझी खेळणी जत्रेत गोणपाटावर मांडलेली, रडणाऱ्या पोराला गप्प करायला घेतलेली आणि घरी पोचेपर्यंत मोडलेली. पत्र्याचा एक बेडूक आहे, दाबला की टिकटिक करतो. त्याला उलटा केला की आतल्या बाजूला बिस्किटाच्या डब्यावरची अर्धी अक्षरं दिसतात, कारण तो डबा कापूनच केलेला आहे. एक हिरवी आगगाडी आहे, तिच्या शेवटच्या डब्यात मध्येच लाल रंग सुरू होतो. मशीनमधला प्लास्टिकचा हिरवा दाणा संपत आला होता आणि थांबायला कुणाला सवड नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पोटावर नावं असतात, 'मुन्नी छाप', 'जोडमोर छाप'. गाव नसतं, पत्ता नसतो. कुठल्यातरी टिनाच्या शेडमध्ये एक मशीन, एक माणूस, त्याची बायको. दोन-चार हंगाम धकलं, मग बंद. त्या माणसांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. मी विचारते, कारण त्यांतल्या एकाचं मला ठाऊक आहे.

तो माणूस रोज सकाळी आमच्या छपरीत खुर्ची उन्हात ओढून बसतो. माझे बाबा. काचबिंदूनं डावा डोळा कधीच नेला. उजव्यात जे उरलंय ते दिवाळीपर्यंत टिकलं तर टिकलं, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आषाढात सांगितलं. मी त्यांच्याशी भांडले. जणू त्यांनीच नेलं होतं. बाबा शांतपणे चष्मा पुसत बसले, ज्या चष्म्याचा आता काही उपयोग नव्हता तो. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला एक बैल शोधायचा होता. बाबांनी स्वतः बनवलेला, तळहाताएवढा, लाल प्लास्टिकचा. त्यांना दिसतंय तोवर तो त्यांच्या हातावर ठेवायचा होता. सगळ्या मुलखातले अनामिक कारखानदार माझ्या कपाटांत आहेत आणि माझ्याच बापाचा एक नग नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाबांचा हंगाम एकच. मी तेव्हा चौथीत होते. बाबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्राचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली आणि नागपूरहून हातानं चालवायचं प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन आणलं. घरामागे टिनाची शेड उभारली. त्यांचा विचार सरळ होता. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावागावात लेकरं आपापले नंदी सजवून तोरणाखाली नेतात, बक्षिसं लागतात, मग घरोघर फिरून बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाहीतर चार नाणी. लाकडी नंदी महाग. ज्यांना परवडत नाही त्यांची पोरं मातीचा बैल नेतात आणि पाऊस आला की रडत येतात. प्लास्टिकचा बैल स्वस्त, पावसात न विरघळणारा. बाबा म्हणायचे, "एकाही लेकराच्या हाती चिखल राह्यला नाई पाह्यजे." आई म्हणायची, "पयले आपल्या हाताचा चिखल धुवा, ताट वाढलं."

मशीनला साचा लागतो, त्याला डाय म्हणतात. लोखंडाचे दोन जाड ठोकळे, आत बैलाच्या आकाराची पोकळी. नवी डाय करून घेण्याची ऐपत नव्हती. नागपूरच्या भंगार बाजारात एक जुनी मिळाली, कुण्या बंद पडलेल्या कारखान्याची. बैल चांगला होता, मान किंचित खाली, शेपूट मांडीला चिकटलेली. पोटाच्या जागी इंग्रजीत काहीतरी नाव उठावात कोरलेलं होतं. बाबांनी कानशीनं ते घासून काढलं. म्हणून आमच्या बैलांच्या पोटावर नाव नव्हतं, फक्त कानशीचे ओरखडे उमटायचे. "आपलं नाव टाका ना," आई म्हणाली. बाबा म्हणाले, "येत्या साली टाकू. यंदा बैल तं खपू दे."

वितळलेल्या प्लास्टिकचा वास अजून कुठे आला की मला भूक लागते, कारण त्या दिवसांत आमच्या डब्याला, पोळीला, माझ्या दप्तराला तोच वास होता. फुटक्या बादल्यांचे तुकडे करून दाणा केलेला, म्हणून सगळे बैल लाल. बाबा मशीनच्या दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळायचे. डाय उघडली की आई ओल्या फडक्यानं बैल उचलून पाण्याच्या घमेल्यात टाकायची आणि चर्र असा आवाज व्हायचा. मी तारेत चाकं ओवायची. बाहेर कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागली, सोयाबीन फुलावर आलं, टिनावर पाऊस इतका वाजायचा की आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलायचो. शेडच्या कोपऱ्यात लाल बैलांचा ढीग माझ्या खांद्याएवढा झाला. इतके बैल आमच्या आजोबांच्या आजोबांनीही कधी पाहिले नसतील. मी वर्गात सांगत सुटले होते की आमच्याकडे हजार बैल आहेत.

नागपंचमीला आईनं त्यांतला एक बैल उचलून पाटावर ठेवला. माल विकायला निघणार, आधी पूजा. हळदकुंकू लावलं, आणि मग सवयीनं बोटावर लोण्यात कालवलेली हळद घेऊन तिनं त्याचा खांदा मळायला घेतला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळण करतात, वर्षभर जू ओढून सोललेला खांदा लोण्याहळदीनं चोळतात, ती तिच्या हातात बसलेली. तिचं बोट मानेवरून पाठीवर गेलं आणि सरळ शेपटीपर्यंत घसरत गेलं. तिनं पुन्हा केलं. पुन्हा घसरलं.

"आवो," ती म्हणाली, "इकडे या जरा. याले वशिंड कोठी आहे?"

बाबा हसले. बैल हातात घेतला आणि म्हणाले, "हे काय, आहे ना." आणि वशिंडाच्या जागी बोट ठेवलं. बोट सपाट पाठीवर टेकलं. ते तसंच टेकवून बाबा किती वेळ उभे होते ते मला सांगता येणार नाही, पण घमेल्यातलं पाणी थंड होऊन गेलं.

डाय कुण्या परदेशी बैलाची होती. तिकडच्या गुरांना वशिंड नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. जिनिंगला लागेपर्यंत बाबांचं आयुष्य बैलांमागे गेलेलं, नांगर धरलेला, दावं बांधलेलं. त्यांनी महिनाभर रोज ते बैल हाताळले आणि त्यांना दर बैलावर वशिंड दिसलं, कारण बैल म्हटला की ते असणारच. मलाही दिसलं होतं. आम्ही तिघंही जे नव्हतं ते पाहत बसलो होतो. यावर गावात कुणी हसलं तर त्याला मी दोष देणार नाही. पण स्वतःवर हसायला मला अजून जमलेलं नाही.

वशिंड नसलेला बैल नंदी कसा होणार? जू ठेवायचं कुठे, खांदा मळायचा कुठे? ढीग फेकता येत नव्हता, नवी डाय येणार नव्हती. मग पोळ्यापर्यंतचे सगळे दिवस आम्ही वशिंडं लावली. मशीनमधून गरम प्लास्टिकची गोळी काढायची, तापवलेल्या सुरीनं बैलाची पाठ जराशी वितळवायची, गोळी ठेवायची आणि ओल्या अंगठ्यानं दाबायची. बाबांच्या अंगठ्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. आईच्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी लागलेल्या विळ्याची आडवी चीर होती. ती दर वशिंडावर उमटायची. बाबा वैतागले, "चीर दिसून राह्यली ना!" आई म्हणाली, "दिसू द्या. जू घासल्याची खूण समजतीन लोक." एरवी ती फार बोलायची नाही. त्या दिवसांत मात्र ती सारखी काही ना काही बोलत राहिली, बाबा गप्प होत गेले म्हणून असेल. त्या शेडमधली सगळी माणसं घाबरलेली होती, हे मला आता कळतं.

बैल खपले, तसे बरे खपले. पुलगावला गेले, देवळीला गेले. आणि तान्हा पोळा आला.

मुली नंदी न्यायच्या नाहीत तेव्हा फारशा. पण बाबांना मुलगा नव्हता आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी एक बैल निवडला, त्यावर स्वतः सगळ्यांत मोठं वशिंड लावलं, त्याला सोनेरी रंग दिला. मी आईची हिरवी ओढणी फेट्यासारखी बांधून तोरणाखाली उभी राहिले. पोरांची रांग, लाकडी चाकांची खडखड, ताशा. हातात माईक घेतलेले परीक्षक काका आमच्या ओळीतून येत होते, एकेक नंदी पाहत. माझ्यापुढे आले, वाकले, कौतुकानं वशिंडाला हात लावला आणि वशिंड त्यांच्या हातात आलं.

मग एक पोरगा ओरडला, "बकरी! बकरी आणली!" आणि सगळं मैदान हसलं. काकांनाही हसू आवरेना. ते सोनेरी ढेकूळ उंच धरून त्यांनी माईकवर विचारलं, "अरे, कोणाचा होय हा बैल? कोणाच्या घरचा होय?"

दोरीपलीकडे, पहिल्याच रांगेत बाबा उभे होते. त्यांनी हात अर्धा वर केला होता, आमचा म्हणून सांगायला.

"मले नाई माईत," मी म्हणाले. माईक माझ्या तोंडासमोर होता, त्यामुळे ते सगळ्या मैदानानं ऐकलं. "माहा नोहे हा बैल."

बाबांनी हात खाली घेतला. मी बैलाची दोरी सोडून दिली आणि पुढच्या पोराच्या लाकडी नंदीशेजारी जाऊन उभी राहिले. नंतर बोजारा मागतही फिरले, कुणीतरी पेढा दिला, तो खाल्ला. गोड होता, हे अजून आठवतं, याची मला लाज वाटते.

त्यानंतर आठवडाभर गावोगावचे बैल परत येत राहिले. कुणी पिशवीत वशिंडं वेगळी आणि बैल वेगळे आणून दिले. बाबांनी सगळे वितळवून टाकले, घरात होते तेही. दसऱ्याच्या आत मशीन गेलं. ते पुन्हा जिनिंगमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मला त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. रागावले असते, एक ठेवून दिली असती, तर माझं आयुष्य सोपं गेलं असतं. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिलाही मी कधी म्हणाले नाही की आई, माझं चुकलं. त्याऐवजी मी जत्रांतून बेडूक आणि आगगाड्या जमवत राहिले, परक्यांच्या पोटावरची नावं वाचत राहिले.

यंदाच्या आषाढापासून मी वेड्यासारखी शोधत होते. पुलगावची भंगाराची दुकानं पालथी घातली. खेळणी जमवणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर लिहिलं: लाल प्लास्टिकचा बैल, पोटावर नाव नाही, कानशीचे ओरखडे, वशिंड वरून चिकटवलेलं. एकानं उत्तर दिलं, "ताई, बैल शोधताय की स्थळ? इतक्या अटी!" मीही हसण्याचं चित्र टाकलं आणि मोरीत जाऊन रडले. हिंगणघाटहून कुणी फोटो पाठवला, ती गाय निघाली. सुट्टीच्या दिवशी अनोळखी गावांत उतरायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, ते दयेनं माझ्याकडे बघायचे, पाणी द्यायचे. कुठेच नव्हता. असणार कसा? ज्यानं बनवले त्यानंच मोजून परत घेतले होते. आणि इकडे रोज सकाळी मी बाबांपुढे चहाचा कप ठेवायची आणि त्यांचा हात कपाच्या किती जवळ पडतो ते बघायची. आषाढात नेमका पडायचा. श्रावणात दोन बोटं बाजूला पडायला लागला.

"काय शोधून राह्यली वं तू?" त्यांनी एकदा विचारलं.

"काही नाही, बाबा."

"मंग सापडन कसं?"

शेवटी तो सापडला तो पालकसभेत. सातवीतल्या एका मुलीची आई माझ्या खुळाबद्दल ऐकून होती. म्हणाली, नाचणगावला माझ्या सासूबाईंच्या देवघरात एक लाल प्लास्टिकचा बैल आहे, पोटाचं माहीत नाही. मी तशीच तिच्यासोबत बसमध्ये बसले.

सासूबाईंचं नाव कौसल्याबाई. पंचाहत्तरीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या. त्यांनी देवघरातून तो आणून माझ्या हातात दिला आणि मी खाली बसले. वर्षानुवर्षांच्या तुपाहळदीनं तो लाल राहिला नव्हता, विटकरी झाला होता. एक चाक नव्हतं. पोटावर ओरखडे होते. आणि पाठीवर वशिंड होतं, जागच्या जागी. माझी नजर पाण्यानं भरली होती, त्याहून जास्त मला काही दिसलं नाही.

"आजी, हा मला द्या," मी म्हणाले. "मी तुम्हांला मोठा लाकडी नंदी आणून देते. सागवानी. काय म्हणाल ते देते."

"हे खेळणं नोहे बाई," त्या म्हणाल्या. "पोरासाठी घेतला होता पुलगावच्या बाजारातून. पोरगा मोठा झाला, ट्रॅक्टर आला, गोठ्यातले बैल गेले. मंग पोळ्याले पुजाचं काय? तवापासून हाच आमचा बैल. देव्हाऱ्यातला देव देते का कोणी?"

मी रडले, हात जोडले, बाबांच्या डोळ्यांचं सांगितलं. इतकी गयावया मी माझ्या नोकरीसाठीही केली नव्हती. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, पण बैल त्यांनी काढून घेतला. म्हणाल्या, "बैल नाई येत. तुह्या बाबाले घिऊन येजो."

सोपं वाटलं. पण घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "कोणता बैल?"

"तुमचा बैल, बाबा. आपला."

"माहा नोहे कोणता बैल," ते म्हणाले आणि रेडिओ लावला. माझेच शब्द होते ते. मुद्दाम म्हणाले की सहज, मला कळलं नाही, विचारायची छाती झाली नाही. मी रोज आर्जवं केली. रिक्षा आणते, गाडी आणते, अर्ध्या तासात परत येऊ. एकदा तर त्यांच्यावर ओरडले, की तुमच्या हट्टापायी दिवस जातायत. ते म्हणाले, "दिवस तं जातेच." आणि पोळा चार दिवसांवर असताना, सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "उषा, आज आभाळ लय भरून आलं का वं?"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या तारेवर माझी पिवळी साडी वाळत होती.

"हो बाबा," मी म्हणाले. "खूप आलंय."

मग घाई करण्यासारखं काही उरलं नाही. दवाखान्यात नेऊन आणलं, डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, यावेळी मी भांडले नाही. कपाटं उघडून मी एक दिवस सगळी खेळणी बाहेर काढली, पोत्यात भरली, पुन्हा लावली. पोळ्याच्या दोन दिवस आधी फोन वाजला. नाचणगावहून कौसल्याबाई होत्या. त्यांना बाबांशी बोलायचं होतं. मी फोन बाबांच्या कानाला लावला, तरी कौसल्याबाईंचा खणखणीत आवाज मला ऐकू येत होता.

"बुवा, उद्या खांदमळण आहे. घरच्या बैलाले आवतन देतो तसं तुमाले देऊन राह्यली. आवतन घ्या अन्‌ जेवाले या."

आमच्याकडे आवतन, म्हणजे जेवणाचं बोलावणं, मोडत नाहीत. वैऱ्याचंही नाही. बाबांनी फोन माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाले, "येतो, बाई."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही पोचलो. पोळ्यासाठी दाराला पळसाच्या डहाळ्या आणून टेकवलेल्या होत्या. कौसल्याबाईंनी बाबांना दारासमोर पाटावर बसवलं, पुढ्यात दुसऱ्या पाटावर बैल ठेवला आणि लोण्याहळदीची वाटी त्यांच्या हाताशी दिली. "तुमी मळा खांदा," म्हणाल्या. "माह्या बोटायत आता जीव नाई." मी बाबांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. त्यांनी एका हातानं बैल चाचपला. शिंगं, तोंड, चाक नसलेला पाय. पोटावरच्या ओरखड्यांवर बोट थांबलं आणि पुढे गेलं. मग दोन बोटं वाटीत बुडवून त्यांनी मानेपासून सुरुवात केली. बोटं वशिंडावर चढली आणि तिथेच थांबली.

"हे माह्यं नोहे," ते म्हणाले.

वाटलं, संपलं. पुन्हा तेच म्हणतायत, किंवा मीच चुकले, दुसऱ्या कुणाचा तरी बैल घेऊन यांना फरपटत आणलं.

बाबांचा अंगठा वशिंडावरून आडवा फिरत होता. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, त्याच रेघेवरून.

"माह्यं नोहे," ते म्हणाले. "तुह्या मायच्या हातचं होय. चीर आहे." आणि थोड्या वेळानं, "माह्ये सारे पडले वं. तिचं टिकलं."

त्यांनी पुढे काही मळलं नाही. नुसता अंगठा त्या चिरेत ठेवून बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या डोळ्यांना तेवढं एक काम अजून येत होतं. सहा वर्षांत आईचा इतका जवळून स्पर्श आम्हांला झाला नव्हता आणि मला तो बघवत नव्हता. त्यांना तो बैल दिसायला हवा होता. विटकरी रंगाखाली शिंगांपाशी थोडा लाल उरला होता, तो दिसायला हवा होता. आणखी एक महिना आधी, पंधरा दिवस आधी, पालकसभा एक आठवडा आधी झाली असती तरी. हिशेब मांडायची सवय असलेली मी, तिथे बसून तेच मांडत होते.

कौसल्याबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि सहज विचारलं, "इतके वर्स पुजला बुवा आमी, पण इकणाऱ्यानं नाव नाई सांगतलं कधी. पोटावरबी नाई. कोणाच्या घरचा होय हा बैल?"

बाबांनी मान वळवली, माझ्या दिशेनं म्हणून. पण मी भिंतीकडे होते आणि त्यांचा चेहरा दाराकडे वळला, उजेडाकडे.

"आमचा," मी म्हणाले. इतकं हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही.

"जोऱ्यानं सांग," बाबा दाराकडे बघत म्हणाले. "तवा जोऱ्यानं बोलली होती."